पाळकीय सेवेचे दैनंदिन ओझे : एक प्रांजळ चिंतन

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी वियान्नी यांचा सण येतो. मिस्सा संपल्यावर वेदीसमोर छोटासा समारंभ होतो. मुले गाणे म्हणतात, महिला मंडळ पुष्पगुच्छ देते, पाळकीय मंडळाचे सचिव चार गौरवाचे शब्द बोलतात आणि आम्ही धर्मगुरू हात जोडून सर्वांचे आभार मानतो. या प्रेमाबद्दल आम्ही खरोखर ऋणी आहोत. तथापि ज्यांच्या नावाने त्या दिवशी आमचा सत्कार होतो, त्या संताच्या चरित्रातील एक गोष्ट वेदीवरून क्वचितच सांगितली जाते. आर्सचे हे धर्मगुरू आपला धर्मग्राम सोडून एकाहून अधिक वेळा निघून गेले होते.

१८१८ साली वियान्नी फ्रान्समधील आर्स या दोन-अडीचशे वस्तीच्या खेड्यात आले आणि ४ ऑगस्ट १८५९ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. पुढे पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरचे भाविक हजारोंच्या संख्येने येऊ लागले. दिवसाचे बारा-बारा, कधी सोळा तास ते प्रायश्चित्त संस्काराच्या आसनावर बसून असत. १८४३ साली मोठ्या आजारातून उठल्यावर ते आपल्या जन्मगावी निघून गेले. १८५३ साली पुन्हा रात्रीच्या अंधारात निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांची वाट अडवली. एकांतात जाऊन प्रार्थना करावी, आपल्या पापांसाठी रडावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन्ही वेळा ते परतले आणि पुन्हा त्याच आसनावर बसले. १९२५ साली चर्चने त्यांना संतपद दिले आणि १९२९ साली सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. ते कधी थकले नाहीत म्हणून हा मान त्यांना मिळाला नाही. थकवा, भीती आणि निघून जाण्याची ओढ यांसह ते विश्वासू राहिले, म्हणून मिळाला.

वाचकहो, या संताच्या आधाराने आज आम्ही एका अवघड विषयावर मोकळेपणाने बोलू इच्छितो. धर्मगुरूंच्या जीवनातील ताणतणाव हा आपल्याकडे कुजबुजीचा विषय आहे. एखादा तरुण धर्मगुरू रजेवर गेला, एखाद्याने सेवाकार्य सोडले किंवा एखाद्याची बदली मुदतीपूर्वी झाली की, घराघरांत चर्चा होते. परंतु ती चर्चा व्यक्तीभोवती फिरते. त्या व्यक्तीवर रोज काय काय लादले जात होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आकडे काय सांगतात?

व्हॅटिकनने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२३ च्या अखेरीस जगात ४,०६,९९६ कॅथलिक धर्मगुरू होते. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही संख्या ७३४ ने घटली. त्याच काळात कॅथलिकांची संख्या मात्र वाढून सुमारे १४० कोटी ६० लाख झाली. म्हणजे सरासरीने एका धर्मगुरूमागे सुमारे साडेतीन हजार भाविक येतात. आशिया आणि आफ्रिकेत धर्मगुरूंची संख्या अद्याप वाढत आहे, हे समाधानाचे आहे. पण आपल्या वसईसारख्या जुन्या ख्रिस्ती पट्ट्यात एकेकाळी एका घरात सात-आठ मुले असत आणि त्यांतील एक धर्मगुरू, एक धर्मभगिनी होणे हे सहज घडत असे. आज घरात एक किंवा दोन मुले असतात. सेमिनरीच्या दारापर्यंतची वाट साहजिकच ओसाड होत चालली आहे.

संख्येपेक्षा मनाची स्थिती अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका या विद्यापीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील साडेतीन हजारांहून अधिक धर्मगुरूंच्या उत्तरांवर आधारित पाहणी प्रसिद्ध केली. तिचा पहिला निष्कर्ष आनंददायक आहे. ७७ टक्के धर्मगुरूंचे जीवन एकंदरीत समाधानी असल्याचे आढळले. दुसरा निष्कर्ष मात्र विचारात पाडतो. ४५ टक्के धर्मगुरूंमध्ये सेवाकार्यातून येणाऱ्या कमालीच्या थकव्याचे निदान एक तरी लक्षण दिसले. ९ टक्क्यांमध्ये हा थकवा गंभीर स्वरूपाचा होता. आपल्या बिशपांवर विश्वास आहे असे सांगणारे केवळ ४९ टक्के होते.

अमेरिकेची परिस्थिती वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. पण या आकड्यांतून एक गोष्ट उघड होते आणि ती आपल्यालाही लागू पडते. समाधान आणि थकवा हे एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. आपल्या पाचारणावर मनापासून प्रेम करणारा धर्मगुरूही आतून रिता होऊ शकतो. म्हणून वेदीवरील हसऱ्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

एका दिवसाचे चित्र

एखाद्या मध्यम आकाराच्या धर्मग्रामातील नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणू या. पहाटेची मिस्सा. तिच्यानंतर सॅक्रिस्टीच्या दारात चार माणसे उभी असतात. एकाला बाप्तिस्म्याचा दाखला आजच हवा असतो, कारण मुलाला परदेशी जायचे आहे. दुसऱ्याची तक्रार शेजाऱ्याच्या कुंपणाची आहे. तिसरी भगिनी काही बोलत नाही, ती इतर निघून जाण्याची वाट पाहत असते. तिच्या घरात काय चालले आहे ते कळायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास देणे हेच खरे तर पाळकाचे काम असते. तेवढ्यात शाळेतून निरोप येतो. दुपारी हिशेबनीस येतात. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाठवावयाची कागदपत्रे तयार करायची असतात. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांसाठी २०२० साली कायद्यात बदल झाले. दिल्लीतील ठरावीक बँकशाखेतच खाते उघडणे सक्तीचे झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या नियमांचा ताळमेळ घालण्यात मिशन केंद्रांतील धर्मगुरूंचे कितीतरी दिवस जातात.

संध्याकाळी लग्न ठरलेल्या जोडप्याची मुलाखत, मग लहान ख्रिस्ती समूहाची बैठक, त्यानंतर एखाद्या घरी मृत्यू झालेला असेल तर प्रार्थना. नाताळनंतर उपवासकाळापर्यंत आणि पुन्हा मे महिन्यात लग्नांची गर्दी असते. शनिवारी एका बाजूला लग्नाचा बँड वाजत असतो आणि दुसऱ्या बाजूला दफनविधीची घंटा. दीड तासाच्या अंतराने धर्मगुरूला एकदा मनापासून हसायचे असते आणि एकदा मनापासून रडणाऱ्यांसोबत उभे राहायचे असते. दोन्ही ठिकाणी तो खरा असावा, अशी लोकांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. पण मनाला कूस बदलायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही की, हळूहळू चेहरा बदलतो आणि मन जागचे हलत नाही. शब्द तेच राहतात, त्यांतील प्राण जातो. या अवस्थेची आम्हांला सर्वांत अधिक भीती वाटते.

रविवारचे गणित निराळे. चर्चच्या विधिसंहितेनुसार धर्मगुरूने सामान्यतः दिवसातून एकच मिस्सा अर्पण करावी. गरजेपोटी बिशप दोन, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. जो अपवाद होता, तो आज अनेक ठिकाणी नियम बनला आहे. त्यातच रेल्वेमार्गालगतच्या धर्मग्रामांत गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू येथून आलेली कुटुंबे वाढली. मराठी, इंग्रजी, कोकणी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत उपासना हवी असते. प्रत्येक भाषिक समूहाची मागणी न्याय्य असते आणि प्रत्येकाला वाटते की फादर दुसऱ्यांचे अधिक ऐकतात.

एक कबुली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही त्या वेळी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे सभागृहाच्या दुरुस्तीबाबत बैठक चालू होती. छपराला पत्रे घालावेत की स्लॅब टाकावा, यावर वाद रंगला होता. आमचा फोन आवाज बंद करून टेबलावर उपडा ठेवला होता. बैठक संपली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. फोन पाहिला तर एकाच घरातून पाच वेळा विचारणा झालेली. एक वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ होते. त्यांनी स्वतः अभ्यंग संस्कार मागितला होता. आम्ही दुचाकीवरून धावलो. घरासमोर चपलांची रांग दिसली आणि काय झाले ते कळले.

आम्ही मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. आवाज कापत होता. प्रार्थना संपल्यावर त्यांच्या मुलीने आम्हांला बसायला खुर्ची दिली, चहा आणून दिला आणि म्हणाली, "फादर, तुम्ही कामात असाल, म्हणून मीच बाबांना सांगत होते, येतील, येतील." त्या वाक्यात राग असता तर बरे झाले असते. तिने आमची बाजू घेतली होती. आपल्या वडिलांच्या अखेरच्या तासात ती आमच्यासाठी सबब शोधत बसली होती.

त्या रात्रीनंतर आम्ही स्वतःला अनेकदा विचारले की चूक कोठे झाली. फोन बंद ठेवला ही चूक तर होतीच. पण तिच्यामागे एक मोठी चूक होती. ज्या कामासाठी आमच्या हातांना दीक्षाविधीत पवित्र तेलाने अभिषेक झाला, ते काम बाहेर ताटकळत होते आणि ज्या कामासाठी कोणताही जाणता गवंडी पुरेसा होता, त्या कामाच्या बैठकीत आम्ही अध्यक्षस्थानी होतो. आज पाळकीय सेवेवर असलेला खरा ताण तो हाच. काम जास्त आहे ही तक्रार मुळीच मोठी नाही. आमचे शेतकरी बांधव आणि पहाटेच्या लोकलने भाजी, फुले, दूध घेऊन मुंबईला जाणारे आमचे भाविक आमच्यापेक्षा कमी राबत नाहीत. आपण जे करण्यासाठी बोलावले गेलो तेच दिवसाच्या शेवटी राहून जाते, हे शल्य मात्र माणसाला आतून पोखरते.

अपेक्षांचे डोंगर

१९९८ साली वसई धर्मप्रांताची स्थापना झाली. त्याआधीपासून आणि नंतरही येथील समाजाने धर्मगुरूकडे केवळ उपासनेचा अधिकारी म्हणून पाहिलेले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करीत हरित वसईच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या लढ्याचे नेतृत्व केले. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले, तेव्हा सर्व धर्मांचे लोक हळहळले. अशा व्यक्तींमुळे धर्मगुरूपदाची उंची वाढली, याचा आम्हांला अभिमान आहे.

परंतु त्या उंचीची सावली प्रत्येक साध्या धर्मगुरूवर पडते. पाणथळ जागेत भराव पडला तर फादरनी बोलावे. बोलले तर फादर राजकारण करतात. गप्प राहिले तर फादर बिल्डरला मिळाले. प्रवचन लांबले तर कंटाळवाणे, आटोपते घेतले तर तयारी नाही. पूर्वी या तक्रारी पारावर होत आणि तेथेच विरत. आता प्रवचनातील अर्धे वाक्य मोबाइलमध्ये टिपले जाते आणि दुपारपर्यंत साऱ्या तालुक्यात फिरते. त्या वाक्याच्या आधी आणि नंतर काय म्हटले होते, हे विचारायला कोणी उरत नाही. त्यामुळे काही धर्मगुरू निरुपद्रवी, गुळगुळीत बोलू लागले आहेत. भाविकांनी याचा विचार करावा. भ्यालेल्या पाळकाकडून कळपाचे रक्षण होत नाही.

डहाणू-तलासरीकडील आदिवासी भागात सेवा करणाऱ्या आमच्या बंधूंचा ताण आणखी वेगळा आहे. वसतिगृह चालविणे, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविणे, मुलीला शाळेत परत आणणे या प्रत्येक कृतीकडे आज संशयाने पाहिले जाते. २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगढमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर दोन धर्मभगिनींना अटक झाली आणि २ ऑगस्ट रोजी न्यायालयाने त्यांना जामीन दिला. अशी घटना घडली की दूरच्या केंद्रात एकट्याने राहणाऱ्या धर्मगुरूच्या रात्री लांबतात. दार वाजले तर आजारी माणूस असेल की दुसरे कोणी, हा विचार दार उघडण्याआधी मनात येतो.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक ठरेल. काही धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या अत्याचारांमुळे जगभर चर्चची मान खाली गेली. भारतात २०१२ चा पोक्सो कायदा आहे. ७ मे २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी दडपल्या जाऊ नयेत म्हणून साऱ्या चर्चसाठी कडक नियम जारी केले. निष्पाप धर्मगुरूलाही आता मुलांशी वागताना सावधगिरी बाळगावी लागते, हा ताण खरा आहे. पण तो आम्ही तक्रार न करता वाहिला पाहिजे. ज्या बालकांनी मुकाट्याने सोसले, त्यांच्या ओझ्यापुढे आमचे हे ओझे काहीच नाही.

आमचाही दोष

इतके सांगितल्यावर बोट स्वतःकडे वळविणे क्रमप्राप्त आहे. आमच्या खांद्यांवरील निम्मे ओझे आम्हीच उचलून घेतले आहे, आणि ते का, हेही आम्हांला ठाऊक आहे. अधिकार गोड लागतो. कपाटाच्या किल्ल्या, धनादेशावरील सही, सभागृहाच्या आरक्षणाची वही, सणाच्या मांडवाचा निर्णय या साऱ्या गोष्टी थकवतात, पण त्यांतून आपण अपरिहार्य आहोत असे सुखही मिळते. विधिसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. ती कागदावर असते. तिचे सभासद सही करण्यापुरते बोलावले जातात आणि मग आम्ही म्हणतो की, लोक जबाबदारी घेत नाहीत.

बायबलमधील जुना अनुभव याबाबत स्पष्ट आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवीत बसे. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हे पाहिले आणि सांगितले की यामुळे तूही झिजशील आणि लोकही. विश्वासू माणसे निवड आणि काम वाटून दे. मोशेने ऐकले. आरंभीच्या चर्चमध्ये अन्नवाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा प्रेषितांनी शिष्यसमुदायाकडून सात जण निवडून घेतले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेतले. प्रेषितांनी अन्नवाटपाला कमी लेखले नाही, योग्य माणसांकडे सोपविले. आमची अडचण अशी की आम्ही इथ्रोची गोष्ट प्रवचनात सांगतो आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवूनच सांगतो.

दुसरा दोष प्रार्थनेचा. थकलेला माणूस सर्वांत आधी जे सोडतो, ते कोणाला दिसत नाही असे काम असते. मिस्सा सोडता येत नाही, लोक पाहतात. दैनिक प्रार्थनाविधी मात्र एकांतात असतो. आज राहिला, उद्या म्हणू. असे काही महिने गेले की, आपण ज्याच्याविषयी बोलतो त्याच्याशी बोलणे बंद पडले आहे, हे एखाद्या रात्री ध्यानात येते. तिसरा दोष चिडण्याचा. कार्यालयाच्या खिडकीशी आलेल्या माणसावर ओरडलेला एक शब्द त्याच्या घरात वीस वर्षे राहतो. चर्चमध्ये येणे थांबविलेल्या कितीतरी कुटुंबांनी श्रद्धा सोडलेली नाही. त्यांना आमचे बोलणे लागले आहे. त्या साऱ्यांची आम्ही येथे क्षमा मागतो.

रात्रीचा एकांत

दिवसभर माणसांच्या गर्दीत असलेला धर्मगुरू रात्री नऊनंतर एकटा असतो. ब्रह्मचर्याचे व्रत आम्ही स्वेच्छेने घेतले आहे आणि त्यातील आनंदही आम्ही अनुभवला आहे. पण स्वेच्छेने घेतलेले व्रत रोज नव्याने घ्यावे लागते. लग्न लावून आल्यावर, बाळाला बाप्तिस्मा देऊन आल्यावर निवासाचे दार उघडताना जी शांतता समोर येते, ती कधी प्रार्थना होते, कधी ओझे होते. ती ओझे झाली की माणूस तिला भरण्यासाठी काहीतरी शोधतो. मोबाइल, मद्य, अवेळी जेवण, अखंड काम, यांतले काहीही.

करोनाच्या काळात हा एकांत आम्ही नव्याने अनुभवला. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर रिकाम्या बाकांसमोर साजरा झाला. दफनभूमीत बोटांवर मोजण्याइतकी माणसे असत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभरात अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी मृत्यू पावल्या. आम्ही सहकारी गमावले आणि त्यांच्यासाठी नीट रडलोही नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा दफनविधी होता. ते न रडलेले रडणे अनेकांच्या आत आजही आहे.

जुलै २०२५ मध्ये उत्तर इटलीतील एका ३५ वर्षांच्या धर्मगुरूने आपले जीवन संपविले. तरुणांमध्ये रमणारा, लोकांचा लाडका असा हा धर्मगुरू होता. त्याच्या मनात काय होते ते देवालाच माहीत आणि त्याबद्दल तर्क लढविणे उचित नाही. पण जगभरच्या धर्मगुरूंनी ती बातमी वाचून काही क्षण स्तब्धता अनुभवली. नैराश्य हा आजार आहे. ते श्रद्धेच्या अभावाचे लक्षण नव्हे. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा परमेश्वराने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि मगच पुढची वाट दाखविली. आपल्याकडे एखादा धर्मगुरू मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला तर ती बातमी ठरते. मधुमेहासाठी दवाखान्यात गेला तर लोक फळे घेऊन भेटायला येतात. हा फरक आपण पुसला पाहिजे.

काय करता येईल?

प्रथम धर्मप्रांताच्या पातळीवर. विधिसंहिता धर्मग्रामाच्या धर्मगुरूला वर्षातून एक महिन्यापर्यंत सुट्टी घेण्याची मुभा देते आणि वार्षिक आध्यात्मिक साधनेचे दिवस त्यात धरत नाही. ही मुभा कागदावर न राहता तिच्यासाठी बदली धर्मगुरूची सोय व्हावी. तीच संहिता धर्मगुरूंनी शक्यतो एकत्र राहण्याची शिफारस करते. शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांच्या धर्मगुरूंनी आठवड्यातून एक रात्र एका टेबलावर जेवावे, एवढे तरी आज सुरू करता येईल. दीक्षेनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक तरुण धर्मगुरूला एक अनुभवी मार्गदर्शक असावा आणि तो त्याचा वरिष्ठ नसावा. बदलीचे पत्र हाती पडण्यापूर्वी त्या माणसाशी एक संभाषण व्हावे. बिशपांचे दार धर्मगुरूला अडचणीच्या वेळी उघडे सापडले पाहिजे. तक्रार आल्यावरच बोलावणे येऊ नये.

दुसरे, धर्मग्रामाच्या पातळीवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनडने सहप्रवासी चर्चचा विचार मांडला. तो विचार सर्वांत आधी हिशेबाच्या वहीत उतरला पाहिजे. आपल्या समाजात निवृत्त बँक अधिकारी, अभियंते, मुख्याध्यापक, वकील आहेत. त्यांना सल्लागार म्हणून खुर्ची देऊन न थांबता निर्णयाचा अधिकार द्यावा. शेजारच्या मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित पुरुष कायमस्वरूपी डीकन म्हणून सेवा करीत आहेत. त्या अनुभवाचाही अभ्यास व्हावा. सभागृहाच्या छपराची बैठक धर्मगुरूवाचून व्हावी आणि त्या वेळी धर्मगुरू आजाऱ्याच्या उशाशी बसलेला असावा, हे आमचे स्वप्न आहे.

तिसरे, घराच्या पातळीवर. बंधुभगिनींनो, आजाऱ्यासाठी अखेरच्या श्वासाची वाट पाहू नका. फादरना आधी कळवा. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांचा नाही, आजाऱ्यांचा आहे. प्रवचन आवडले नाही तर समूहावर टाकण्याआधी फादरशी बोला. वर्षातून एकदा काहीही कारण नसताना त्यांना जेवायला बोलवा. आशीर्वाद, उद्घाटन, तंटा, देणगी यांतले काहीही नसलेले एक जेवण. आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, खरोखर निकड नसेल तर, बेल वाजवू नका.

परतून येणारे पाळक

संत पौलाने आपल्या छळांची, प्रवासांची, उपासमारीची यादी दिल्यावर शेवटी सर्व मंडळ्यांच्या काळजीचा उल्लेख केला आहे. फटक्यांपेक्षा रोज दाटून येणारी ती काळजी त्याला अधिक जड वाटत असावी. ती काळजी नाहीशी व्हावी अशी आमची मागणी नाही. ज्या दिवशी ती नाहीशी होईल, त्या दिवशी आम्ही पाळक राहणार नाही. आमची मागणी एवढीच की ती योग्य माणसांची काळजी असावी, आणि ती आम्ही एकट्याने वाहू नये.

शिष्य सेवाकार्यावरून परतले तेव्हा येशूने त्यांना एकांतात विसावा घेण्यास सांगितले. ते नावेतून निघाले, पण लोक त्यांच्याआधी किनाऱ्यावर पोहोचले होते. त्याला त्यांचा कळवळा आला आणि विसावा लांबला. पुढे मात्र त्याने शिष्यांना नावेत बसवून पाठविले, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. विसाव्याचा विसर त्याला पडला नाही.

ज्या घरी आम्ही त्या रात्री उशिरा पोहोचलो, त्या घरी आम्ही पुढे अनेकदा गेलो. त्या भगिनीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आम्हीच एकदा काढला आणि क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "फादर, बाबांसाठी एक मिस्सा कराल का?" दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ती मिस्सा अर्पण केली. त्या दिवसापासून आमचा फोन बैठकीत उपडा ठेवला जात नाही, आणि छपराच्या बैठकींना आम्ही जात नाही. येत्या ४ ऑगस्टला पुष्पगुच्छ जरूर द्या, आम्हांला ते आवडतात. पण त्यासोबत आमच्या हातातील एक किल्लीही मागून घ्या. आम्ही देण्यास कचरलो, तर पुन्हा मागा.